अल्पमोली सिग्नल जनरेटर आणि त्यातील आज्ञावली : एका दुरुस्ति-परंपरेचा इतिहास

१

मोजमापाच्या उपकरणांचा इतिहास लिहिताना इतिहासकाराचे लक्ष बहुधा त्या उपकरणांच्या साहाय्याने लागलेल्या शोधांकडे जाते. उपकरण स्वतः कसे घडले, कसे बिघडले आणि कोणी दुरुस्त केले, हा भाग मागे पडतो. सिग्नल जनरेटर, म्हणजे हव्या त्या वारंवारतेचा व हव्या त्या आकाराचा विद्युत्-तरंग निर्माण करणारे यंत्र, हे या उपेक्षेचे ठळक उदाहरण होय. रेडिओ, ध्वनिवर्धक, तारायंत्राच्या वाहिन्या या साऱ्यांची परीक्षा ज्याच्या आधारे होत आली, त्या यंत्राची परीक्षा मात्र क्वचितच कोणी केली. प्रयोगशाळेतील विद्यार्थी त्याच्या पडद्यावरील आकडा वहीत उतरवून घेतो आणि पुढे जातो. तो आकडा कोठून आला आणि त्याची सत्यता कोणाच्या हवाली आहे, असा प्रश्न सहसा त्याच्या मनात उद्भवत नाही.

एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून या प्रश्नास नवे रूप प्राप्त झाले. अत्यंत अल्प किंमतीचे जनरेटर, काही पूर्ण बांधलेले व काही सुट्या भागांच्या संचांच्या रूपाने, बाजारात येऊ लागले. त्यांची सारी करामत एकदोन लहानशा चिपांत कोरलेल्या आज्ञावलीवर, म्हणजे ज्यास फर्मवेअर म्हणतात तीवर, अवलंबून होती. ही आज्ञावली बदलण्याचा, प्रसंगी ती संपूर्ण पुसून तिच्या जागी स्वतःची लिहिण्याचा उद्योग अनेक देशांतील हौशी लोकांनी व अभ्यासकांनी केला. वरवर पाहता हा केवळ फावल्या वेळेचा छंद वाटतो. तथापि उपकरणांच्या इतिहासाच्या ओघात ठेवून पाहिल्यास त्यात एका जुन्या परंपरेचे पुनरुज्जीवन दिसते, आणि त्याबरोबरच एक नवी जबाबदारीही दिसते. या दोहोंचा परामर्श घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

या इतिहासाचा आरंभ १९३९ या सालापासून करणे सोयीचे आहे. त्यापूर्वी श्राव्य वारंवारतेचे तरंग निर्माण करणारी यंत्रे नव्हती असे नाही. परंतु ती अवजड होती आणि त्यांची किंमत शेकडो डॉलरांच्या घरात असे. वेटोळे आणि धारित्र यांच्या जोडीवर चालणाऱ्या दोलकात आणखी एक अडचण होती. त्याची वारंवारता धारित्राच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. त्यामुळे धारित्र दहापट फिरविले तरी वारंवारता जेमतेम सव्वातीनपट होते. रोध आणि धारित्र यांच्या जोडीत हे नाते सरळ व्यस्त प्रमाणाचे असल्याने धारित्र दहापट फिरविता वारंवारताही दहापट फिरते. माक्स वीन याने १८९१ मध्ये मांडलेल्या सेतुमंडलात या जोडीची योजना पूर्वीच झाली होती. उणीव एवढीच होती की तिच्यावर उभारलेल्या दोलकाचा आयाम स्थिर राहत नसे. वर्धन किंचित कमी झाले की दोलन मंदावून थांबे. किंचित अधिक झाले की तरंगाचे माथे कापले जात.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील विल्यम ह्यूलेट याने आपल्या १९३९ च्या प्रबंधात या अडचणीवर जो उपाय योजला तो साधेपणामुळे प्रसिद्ध झाला. त्याने मंडलात एक साधा विजेचा लहान दिवा बसविला. दिव्याचा तंतू तापला की त्याचा रोध वाढतो. दोलनाचा आयाम वाढू लागला की दिव्यातील प्रवाह वाढे, तंतू तापे, रोध वाढे आणि वर्धन आपोआप खाली येई. आयाम घटू लागला की याच्या उलट घडे. याच तत्त्वावरील ‘२०० ए’ हे यंत्र ह्यूलेट आणि डेव्हिड पॅकार्ड यांनी पालो आल्टो येथील एका गराजमध्ये आपल्या भागीदारीच्या पहिल्याच वर्षी तयार केले व ५४ डॉलर ४० सेंट या किंमतीस विकावयास काढले. त्याची सुधारलेली आवृत्ती, ‘२०० बी’, हिची आठ यंत्रे वॉल्ट डिस्नेच्या कलागृहाने ‘फँटासिया’ या १९४० च्या चित्रपटाच्या ध्वनियोजनेसाठी घेतली.

स्वस्त जनरेटरचा इतिहास अशा रीतीने जवळजवळ जनरेटरच्या इतिहासाइतकाच जुना आहे. येथे विशेष लक्षात घ्यावयाची गोष्ट निराळी आहे. या यंत्राचे रहस्य डोळ्यांना दिसत होते. झाकण उघडले की दिवा, नलिका, धारित्राची पाती समोर असत. यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत मंडलाची संपूर्ण आकृती, भागांची यादी आणि जुळवणी करावयाची पद्धती दिलेली असे. तबकडीवरील आकडा व प्रत्यक्ष वारंवारता यांत फरक पडला, तर कोणता स्क्रू किती फिरवावयाचा हे त्या पुस्तिकेवरून समजे. यंत्र विकत घेणारास त्याच्या अंतरंगाचे ज्ञानही खरेदीबरोबरच मिळे, आणि प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाचे शिक्षण पुष्कळ अंशी त्या पुस्तिकेवरच होई.

३

अचूकतेचे स्थान धातू आणि काच यांतून उचलून अंकांत नेण्याचे कार्य १९७१ साली स्पष्ट रूपास आले. त्या वर्षी टिअर्नी, रेडर आणि गोल्ड या तिघा संशोधकांनी अंकीय पद्धतीने वारंवारता रचण्याविषयी आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यातील कल्पना पुढे ‘डायरेक्ट डिजिटल सिंथेसिस’ किंवा संक्षेपाने डीडीएस या नावाने रूढ झाली.

ही कल्पना समजण्यास भारतीय वाचकास एक जवळचा दृष्टान्त उपलब्ध आहे. आर्यभटाने आपल्या ‘आर्यभटीय’ या ग्रंथात चतुर्थांश वर्तुळाचे २४ भाग कल्पून प्रत्येक भागाच्या ज्येतील वाढ एका श्लोकात ग्रथित केली. ज्योतिषी प्रत्येक वेळी भूमितीची आकृती काढीत बसत नसे. कोन ठरला की कोष्टकातून ज्या काढून घेई. डीडीएस पद्धतीचे यंत्र नेमके हेच करते. त्यात एक संचयक असतो. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला त्यात एक ठराविक अंक मिळविला जातो. संचयकातील बेरीज म्हणजे तरंगाची त्या क्षणीची कला, अर्थात वर्तुळावरील कोन. त्या कोनाची ज्या स्मृतीतील कोष्टकातून उचलावयाची, तिचे विद्युत्-दाबात रूपांतर करावयाचे आणि उरलेल्या पायऱ्या एका गाळणीने गुळगुळीत करावयाच्या. संचयक भरून वाहिला की वर्तुळ पुरे होते आणि पुनः पहिल्यापासून आरंभ होतो. मिळवावयाचा अंक मोठा असेल तर वर्तुळ लवकर पुरे होते व वारंवारता वाढते. लहान असेल तर घटते.

१९९० नंतरच्या दशकात हे सारे कार्य एकाच चिपमध्ये सामावणे शक्य झाले. अ‍ॅनालॉग डिव्हायसेस या कंपनीच्या एडी ९८५० या चिपमध्ये ३२ अंकस्थानांचा द्विमान संचयक असून १२५ मेगाहर्ट्झ घड्याळावर ती ०.०२९१ हर्ट्झ इतक्या सूक्ष्म पायरीने वारंवारता बदलू शकते. दिव्याच्या तंतूकडून अपेक्षिताच येणार नाही अशी ही सूक्ष्मता होती. मात्र आता झाकण उघडून पाहणारास काळ्या चौकोनी तुकड्यांवाचून काहीच दिसत नव्हते.

४

‘फर्मवेअर’ हा शब्द अ‍ॅशर ओप्लर याने १९६७ मध्ये वापरात आणला. त्या वेळी त्याच्या डोळ्यांसमोर मोठ्या संगणकांतील सूक्ष्म-आज्ञांचा थर होता. यंत्राचे लोखंडी अंग व त्यावर चालणारे कार्यक्रम यांच्या मधला. पुढे शब्दाचा अर्थ पसरला आणि कोणत्याही उपकरणात कायम वस्तीस ठेवलेल्या आज्ञावलीस तो लावला जाऊ लागला. ही वस्ती कितपत कायम असावी हे स्मृतीच्या तंत्रावर अवलंबून होते. इंटेलमधील डोव्ह फ्रोमन याची १९७१ ची स्मृती अतिनील किरणांखाली धरून पुसावी लागे. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका याने १९८४ मध्ये मांडलेल्या फ्लॅश स्मृतीने ते कार्य केवळ विजेने, यंत्रातल्या यंत्रात, होऊ लागले. उत्पादकाला याचा लाभ उघड होता: चूक सापडल्यास ती चिप न काढताच सुधारता येई. तोच दरवाजा खरेदीदारासाठीही उघडा राहिला.

उघडा, परंतु एकाच बाजूने. अल्पमोली यंत्रांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या एव्हीआर जातीच्या मायक्रोकंट्रोलरचे उदाहरण घ्यावे. त्यात काही कुलूप-अंक असतात. ते लावले की आतील आज्ञावली बाहेरून वाचता येत नाही. कुलूप काढावयाचे तर संपूर्ण चिप पुसावी लागते, आणि पुसताना मूळ आज्ञावलीही नष्ट होते. म्हणजे मालकास आपल्या यंत्राची बुद्धी वाचण्याची सोय नाही. ती नाहीशी करण्याची मात्र पूर्ण मुभा आहे. या परिस्थितीत ‘फर्मवेअरमध्ये फेरफार’ या शब्दप्रयोगाचा अर्थच पालटला. जुन्या पाठात दुरुस्ती करणे शक्य नसल्याने फेरफार करणारास नवा ग्रंथ लिहावा लागे. त्यासाठी प्रथम मंडलाच्या पट्टीवरील तांब्याच्या रेषा एकेक तपासून कोणती कळ, कोणता दिवा व कोणता रोध चिपच्या कोणत्या पायाशी जोडला आहे हे निश्चित करावे लागे, आणि मगच पहिली आज्ञा लिहिता येई. जुन्या पुस्तिकेत जी आकृती आयती मिळत होती, ती आता मालकालाच तयार करावी लागली.

५

अशा नव्याने लिहिलेल्या आज्ञावलीचा गाभा आश्चर्य वाटावे इतका लहान असतो. स्वतंत्र डीडीएस चिपचा खर्च टाळून मायक्रोकंट्रोलरकडूनच तरंग काढून घेण्याची जी रीत हौशी मंडळींत प्रचलित झाली, तीत तरंगाचे सारे कार्य सहा आज्ञांत होते. चोवीस अंकस्थानांच्या संचयकासाठी तीन बेरजा, प्रत्येकी एका ठोक्याची; कोष्टकातील ज्या वाचण्याची एक आज्ञा, तीन ठोक्यांची; ती बाहेर ठेवण्याची एक आज्ञा, एका ठोक्याची; आणि पुनः आरंभी जाण्याची एक आज्ञा, दोन ठोक्यांची. एकूण नऊ ठोके. चिपचे घड्याळ १६ मेगाहर्ट्झचे असेल तर सेकंदास सुमारे १७ लक्ष ७८ हजार वेळा हे चक्र फिरते, आणि वारंवारतेची लहानात लहान पायरी ०.१०६ हर्ट्झ येते. बाहेर ठेवलेल्या अंकाचे दाबात रूपांतर करण्यास रोधांची एक शिडी पुरते.

या यंत्राकडून १००० हर्ट्झ हवे असल्यास मिळवावयाचा अंक गणिताने ९४३७.१८४ येतो. अपूर्णांक ठेवता येत नसल्याने ९४३७ घेतला जातो आणि प्रत्यक्षात ९९९.९८ हर्ट्झ मिळतात. ही त्रुटी क्षुल्लक आहे. आता समजा, नवी आज्ञावली लिहिणाराने कळ दाबली आहे की नाही हे पाहण्यासाठी या चक्रात एकाच ठोक्याची एक आज्ञा वाढविली. चक्र नऊऐवजी दहा ठोक्यांचे झाले. अंकाचे गणित मात्र तो बदलावयास विसरला. पडद्यावर १००० हाच आकडा झळकत राहील. बाहेर येणारा तरंग मात्र सुमारे ९०० हर्ट्झचा असेल. तरंगाचा आकार निर्दोष, पडदा स्थिर, कोठेही बिघाडाचे चिन्ह नाही. जुन्या यंत्रात दिवा जळाला तर तरंग विद्रूप होई आणि दोष स्वतःच आपली वर्दी देई. अंकीय यंत्रातील दोष मुका असतो. स्वतंत्र मोजणीवाचून तो कोणासही सापडणार नाही.

याच गणितात फेरफाराचा सर्वांत मोठा लाभही दडलेला आहे. स्वस्त यंत्रातील स्फटिकाची वारंवारता त्यावर छापलेल्या आकड्याशी तंतोतंत जुळत नसते. दशलक्षात पन्नास भागांचा फरक अशा साधारण प्रतीच्या स्फटिकास क्षम्य मानला जातो. १०० किलोहर्ट्झच्या तरंगात हा फरक ५ हर्ट्झ होतो. म्हणजे ज्या यंत्राची पायरी दशांश हर्ट्झची आहे, त्याचा प्रत्यक्ष दोष तिच्या जवळजवळ पन्नासपट असू शकतो. सूक्ष्मता आणि अचूकता या दोन भिन्न गोष्टी आहेत हे पाठ्यपुस्तकातील वचन येथे आकड्यांत उभे राहते. आज्ञावली बंद असेल तर यावर मालकाजवळ काही इलाज नाही. ती त्याच्या हाती असेल तर त्याने विश्वसनीय प्रमाणाशी ताडून स्फटिकाची खरी वारंवारता काढावी आणि गणितातील १,६०,००,००० या स्थिरांकाच्या जागी, उदाहरणार्थ, १,६०,००,६४० लिहावे. १९३९ च्या यंत्रातील जुळवणीच्या स्क्रूचे कार्य येथे एका संख्येने केले. स्क्रू फिरविण्याचा हक्क तेवढा मध्यंतरी हरवला होता.

तरीही या हक्काच्या मर्यादा स्पष्ट आहेत. आठ अंकस्थानांची शिडी तरंगाचे २५६ पायऱ्यांपलीकडे विभाजन करू शकत नाही. तिचा स्वाभाविक गोंगाट मूळ तरंगाखाली सुमारे ५० डेसिबेलवरच राहतो, मग आज्ञावली कितीही चतुर असो. चौकोनी तरंगाची कड नऊ ठोक्यांच्या चक्रातच हलू शकत असल्याने ती ०.५६ मायक्रोसेकंदापर्यंत मागेपुढे थरथरते. गाळणी, वर्धक व वीजपुरवठा यांतील उणिवा तर आज्ञावलीच्या कक्षेबाहेरच राहतात. काही स्वस्त यंत्रांच्या वीजपुरवठ्यास भूसंपर्काची तारच नसते. असा दोष संख्येने नव्हे, तर तारेनेच दूर करावा लागतो. किंबहुना फर्मवेअर बदलण्याचा प्रयत्न केलेल्या माणसासच यंत्राचा कोणता दोष लोखंडात आहे व कोणता अंकांत आहे याचा विवेक चांगला येतो, हे या उद्योगाचे शैक्षणिक फळ मानावयास हरकत नाही.

६

या इतिहासास व्यापाराचीही एक बाजू आहे. मंडल एकच ठेवून केवळ आज्ञावलीने क्षमतेवर मर्यादा घालावयाची आणि त्याच यंत्राच्या दोन-तीन आवृत्त्या निरनिराळ्या किंमतींस विकावयाच्या, ही पद्धती मोजमापाच्या उपकरणांत रूढ झाली. २०१० साली रायगोल या चिनी कंपनीचा ५० मेगाहर्ट्झचा ‘डीएस १०५२ ई’ हा दोलनदर्शक आणि १०० मेगाहर्ट्झचा त्याचा महाग भाऊबंद यांचे अंतरंग एकच असल्याचे व काही आज्ञा पाठवून पहिल्याचा दुसरा करता येत असल्याचे उघडकीस आले, तेव्हा या पद्धतीची चर्चा जगभर झाली. येथे नीतीचा प्रश्न उत्पन्न होतो आणि तो एकेरी नाही. ज्या क्षमतेचे मोल दिले नाही ती घेणे, आणि विकत घेतलेल्या यंत्रातील चूक सुधारणे, या दोन कृतींस एकाच मापाने मोजता येणार नाही. पहिल्या कृतीत निर्मात्याने ठरविलेल्या किंमतीची वंचना आहे; दुसरीत केवळ मालकीचा उपभोग आहे. वर वर्णिलेला स्फटिकाचा स्थिरांक बदलण्याचा उद्योग निःसंशय दुसऱ्या वर्गात पडतो.

कायद्यानेही हा भेद हळूहळू ओळखलेला दिसतो. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याने आज्ञावलीचे कुलूप तोडण्यास मनाई केली. तथापि २०१५ मध्ये मोटारी व शेतीचे ट्रॅक्टर यांच्या दुरुस्तीसाठी त्या मनाईस अपवाद करावा लागला. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमातील बावन्नाव्या कलमात १९९९ साली जी भर पडली, तिच्यायोगे संगणकाच्या कार्यक्रमामागील कल्पना व तत्त्वे जाणून घेण्यासाठी त्याच्या कार्याचे निरीक्षण, अध्ययन व परीक्षण करणे, तसेच कायदेशीरपणे मिळविलेल्या प्रतीची अव्यापारी वैयक्तिक वापरासाठी नक्कल वा रूपांतर करणे, या गोष्टी अधिकारभंगातून वगळण्यात आल्या. २०१२ मध्ये आलेल्या कलम ६५ए ने कुलूप तोडणे दंडनीय केले, परंतु त्यास अधिकारभंगाच्या हेतूची अट घातली. अभ्यासकाच्या दृष्टीने ही अट महत्त्वाची आहे.

७

कुलूप तोडण्याचा प्रश्नच उद्भवू नये असाही एक मार्ग आहे, आणि त्याचे उत्तम उदाहरण भारतातच घडले. नवी दिल्ली येथील आंतरविद्यापीठीय त्वरक केंद्राने एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ‘फिनिक्स’ नावाचा उपक्रम हाती घेतला. विद्यापीठांतील व महाविद्यालयांतील प्रयोगांसाठी संगणकास जोडावयाचे अल्पमोली उपकरण निर्माण करणे हा त्याचा उद्देश होता. त्यातून पुढे ‘एक्सपाइज’ ही उपकरणमाला निघाली, जिच्यात सिग्नल जनरेटरचाही अंतर्भाव आहे. या उपकरणांचे मंडल आणि त्यांतील आज्ञावली ही दोन्ही केंद्राने सर्वांस खुली ठेवली. १९३९ च्या यंत्राच्या पुस्तिकेने जे कार्य मंडलाच्या आकृतीने साधले होते, तेच येथे आज्ञावलीच्या प्रसिद्धीने साधले गेले. ज्या विद्यार्थ्याने हे उपकरण वापरले, त्याला पडद्यावरील आकडा कोणत्या ओळीतून आला हे शोधण्याची वाट निदान मोकळी राहिली.

या साऱ्या विवेचनातून निघणारा निष्कर्ष प्रयोगशाळेच्या व्यवहारास स्पर्श करणारा आहे. उपकरणाची अचूकता जोवर दिव्यात व धारित्राच्या पात्यांत होती, तोवर उपकरणाचे नाव व क्रमांक नोंदविला की त्याची ओळख पुरी होत असे. अचूकता अंकांत गेल्यानंतर ही ओळख अपुरी ठरली, कारण एकाच नावाची व एकाच क्रमांकाची दोन यंत्रे आतील आज्ञावली निराळी असल्यामुळे निराळी वागू शकतात. म्हणून प्रयोगाच्या वहीत जनरेटरच्या नावाबरोबर त्यातील फर्मवेअरची आवृत्ती, आणि तो प्रमाणाशी शेवटी कधी व कशाने ताडून पाहिला ती तारीख, या दोन नोंदी असणे अगत्याचे झाले आहे. आज्ञावली बदलणारावर तर हे बंधन दुप्पट आहे. उत्पादकाच्या चुकीचे उत्तरदायित्व निदान उत्पादकावर टाकता येते. स्वतः लिहिलेल्या नऊ ठोक्यांच्या चक्रातील दहाव्या ठोक्याचे उत्तर मात्र त्याचे त्यालाच द्यावे लागते, आणि ते केवळ मोजूनच देता येते.